किल्ली गेली, नाव राहिले

'कन्साइनमेंट' हा शब्द आम्हां जालनेकरांना तसा नवा नाही. मोंढ्यात ज्याची हयात गेली तो माणूस त्याचा अर्थ एका शब्दात सांगेल - अडत. माल शेतकऱ्याचा, दुकान अडत्याचे आणि गिऱ्हाईक तिसरेच! पण हाच शब्द मोटारगाडीला, तोही राहत्या घरासारख्या मोटारगाडीला लागलेला मी अलीकडेच प्रथम ऐकला. माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनात असतो. त्याने आपले 'मोटारहोम' विकण्यासाठी एका डीलरकडे कन्साइनमेंटवर ठेवले आहे. फोनवर तो म्हणाला, "मामा, गाडी त्यांच्या आवारात, किल्ली त्यांच्या टेबलावर, कर्जाचा हप्ता मात्र माझ्या खात्यातून. मग आज गाडी कुणाची?"

मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. कायदा माझा विषय नाही. पण हा प्रश्न मला इतिहासाचा वाटला. वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा ती नेमकी कोणत्या क्षणी 'त्याची' होते? आणि मध्ये तिसरा माणूस असला तर? आपल्या बाजारांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. जमतील तेवढी इथे मांडतो.

आधी मोटारहोम म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या घरातल्या ज्येष्ठ मंडळींना हा प्रकार ठाऊक नाही. ट्रकच्या किंवा मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले घर. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, पाण्याची टाकी. पुढे स्टिअरिंग! अमेरिकेत मोटारीला तंबू-बिछाना बांधून भटकणाऱ्यांचे 'टिन कॅन टुरिस्ट' नावाचे मंडळ १९१९ मध्येच निघाले होते. आयोवा राज्यात १९५८ साली सुरू झालेल्या विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारहोम कारखान्यात एकामागून एक काढायला सुरुवात केली आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडेही चाकावरचा संसार होताच की. घिसाड्यांच्या गाड्यांवर अख्खे बिऱ्हाड असे, तमाशाच्या फडाचे ट्रक जत्रांमागून जत्रा करत. फक्त आपण त्याला पर्यटन म्हणत नव्हतो. महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले ते २०२१ मध्ये.

भाच्याने गाडी घेतली तीही २०२१ मध्येच. करोनामुळे विमाने-हॉटेले नकोशी झाली आणि तिकडे सगळ्यांनाच एकदम चाकावरचे घर हवेसे वाटू लागले. तिथल्या उद्योग संघटनेच्या आकड्यांनुसार त्या वर्षी मोटारहोम आणि मोटारीमागे ओढून न्यायच्या घरगाड्या मिळून ६ लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. हा आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. चढत्या बाजारात घेतलेली वस्तू उतरत्या बाजारात विकणे म्हणजे काय, हे कापूसवाल्या जालना जिल्ह्याला सांगायला नको! भाच्याचे उरलेले कर्ज आता गाडीच्या किमतीपेक्षा मोठे झाले आहे.

अशा वेळी तिकडे दोन वाटा असतात. एक, डीलरला गाडी सरळ विकून टाकायची. पैसे लगेच मिळतात पण कमी, कारण पुढे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी अंगावर पडण्याचा धोका डीलर पत्करतो आणि त्याची किंमत तो आधीच कापून घेतो. दुसरी वाट कन्साइनमेंटची. गाडी त्याच्या आवारात उभी करायची, तो ती धुऊनपुसून मांडतो, जाहिरात करतो, गिऱ्हाईक आणतो, आणि विकली गेल्यावर आपले कमिशन कापून उरलेली रक्कम देतो. यात भाव बरा मिळू शकतो, पण विकली जाईपर्यंत घसारा, विमा, हप्ता सगळे मालकाचे. शिवाय गाडीवर बँकेचा बोजा असतो. गिऱ्हाइकाचे पैसे डीलरकडे आले आणि त्याने ते बँकेत भरलेच नाहीत तर? नवा मालक गाडी घेऊन गेला, बोजा जुन्या मालकाच्या नावावर तसाच! तिकडे असे प्रकार घडले आहेत, म्हणून बहुतेक राज्यांत डीलरला परवाना आणि हमीची रक्कम लागते. म्हणजे भाच्याची काळजी काही उगाच नव्हती.

आता आपल्या बाजाराकडे येऊ.

माझ्या लहानपणी मराठवाड्यात घरातली सर्वांत महाग 'गाडी' म्हणजे बैलजोडी. बैलबाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल किंवा हेडी असे. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरे. बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. शाळकरी वयात मला ती जादूच वाटे. पण या व्यवहाराची खरी मेख दुसरीकडे होती. एक, वस्तूची परीक्षा तिथल्या तिथे होई. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे - दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. आजकाल मोटारीचे किलोमीटर मागे फिरवून देणारे भेटतात; बैलाचे दात काही मागे फिरवता येत नाहीत! दोन, इसार दिला की बोली पक्की. आणि तीन, कासरा हातात आला की बैल आपला. बाजाराची पावती म्हणजे त्यावरचा शिक्का. दुसऱ्या दिवशी त्या बैलाने कुणाला शिंग मारले तर जुन्या मालकाच्या दारात कुणी जात नसे. ज्याच्या दावणीला बैल, त्याची जबाबदारी.

मोंढ्यात गोष्ट जरा गुंतागुंतीची. शेतकरी माल आणतो, अडत्याच्या दुकानापुढे ढीग पडतो, लिलाव होतो, हमाल-मापाडी वजन करतात. अडत्याने तो माल विकत घेतलेला नसतो, तो फक्त विकून देतो. म्हणजे हुबेहूब कन्साइनमेंट! इथे शेतकऱ्याला धोका पैशाचा असतो. माल गेला आणि पैसे अडकले, ही मोंढ्यातली जुनी रड. म्हणून हैदराबाद संस्थानात निजामाच्या राजवटीतच बाजारांचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा आला. अडत्याला परवाना, लिलाव उघड्यावर, वजन नोंदलेले, आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी. या पट्टीवर कुणाचा माल, किती वजन, काय भाव, काय कापले हे लिहिलेले असते. व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही, पण 'मधल्या माणसाच्या हातात माल असताना तो कुणाचा' याचे उत्तर त्या कागदावर असते.

मोटारगाड्यांच्या बाबतीत मात्र आपण हे उत्तर फार उशिरा शोधले.

त्याला कारणही आहे. पूर्वी जुनी गाडी विकण्यात अडचण अशी नव्हतीच! नव्या गाड्या मिळतच नसत. केंद्र सरकारने मोटारींसाठी १९५९ मध्ये आणि स्कूटरसाठी १९६० मध्ये वितरण व विक्री नियंत्रणाचे आदेश काढले होते. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट बघत बसायचे. नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही, पण बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या सरकारी किमतीहून महाग विके. नियंत्रणाखाली मिळालेली गाडी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकता येत नसे. मग लोक काय करत? गाडी द्यायची, पैसे घ्यायचे, आणि कागदावर नाव मात्र जुन्याच मालकाचे ठेवायचे. मला वाटते, 'नाव नंतर करू' ही आपली सवय त्या टंचाईच्या काळात मुरली.

पुढे चित्र पालटले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. १९८५ मध्ये आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. टंचाई संपली, कर्जे सोपी झाली. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर) वेगळा झालेला आमचा जालना जिल्हाही हळूहळू स्वतःच्या पायांवर उभा राहिला; गाड्यांवर एमएच २१ दिसू लागले. एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपन्या, सळईचे कारखाने वाढले. पगारदार वाढले आणि दर दोन-चार वर्षांनी गाडी बदलणारेही वाढले. मग रस्त्याकडेला 'ऑटो कन्सल्टंट' अशा पाट्या दिसू लागल्या. मोठ्या कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. मारुतीने जुन्या गाड्यांसाठी 'ट्रू व्हॅल्यू' सुरू केले ते २००१ मध्ये. पण छोट्या गावांत राज्य चालले ते कन्सल्टंटचेच.

त्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. तुम्ही गाडी आणि आरसी बुक त्याच्याकडे देता. तो तुमच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सह्या घेतो. घेणाऱ्याची जागा कोरी. 'गिऱ्हाईक आले की भरून घेतो, गुरुजी, तुम्हाला पुन्हा चक्कर नको.' हे सगळे सोयीचे म्हणून केले जाते. बरेचसे कन्सल्टंट प्रामाणिकपणे नाव बदलूनही देतात. पण कोऱ्या फॉर्मवर गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली की प्रत्येकाला वाटते, नाव पुढचा करेल.

आमच्या शाळेतले एक सहकारी (नाव सांगत नाही, त्यांच्या घरची मंडळी हे वाचतात) निवृत्त झाल्यावर डोळ्यांच्या त्रासामुळे आपली मोटारसायकल अशाच एका दुकानात ठेवून आले. पंधरा दिवसांत पैसे मिळाले. अत्यंत काटेकोर माणूस. परीक्षेच्या उत्तरपत्रिका दोनदा मोजणारा. त्यांनी शंभराच्या स्टॅम्पवर लिहूनही घेतले. नंतर तीन वर्षांनी ते वारले. आणि त्यानंतर वर्षभराने त्यांच्या नावाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या मोटारसायकलने एका शेतमजुराला उडवले होते, त्याचा पाय कायमचा गेला होता. चालवणारा तिसरा-चौथा मालक, विम्याची मुदत संपलेली, आणि आरसीवर नाव आमच्या सरांचे!

वहिनींबरोबर मी वकिलाकडे गेलो होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "माणूस गेला, पण त्यांचे नाव अजून रस्त्याने फिरतेय." स्टॅम्पपेपर दाखवला, तेव्हा वकील म्हणाले की विक्री झाली हे यावरून दिसते, पण नोंदणी बदलली हे दिसत नाही. अखेर तडजोड झाली. वहिनींनी एक मुदत ठेव मोडली. त्यांना त्या मजुराचा रागही आला नाही, कारण त्याचा तरी काय दोष? त्याला भरपाई कुणाकडून तरी मिळायलाच हवी होती.

नेमका हाच धागा कायद्याच्या इतिहासात आहे. मालाच्या विक्रीचा १९३० चा कायदा बैलबाजाराच्या जवळचा आहे. ठरल्याप्रमाणे वस्तू दिली-घेतली की ती घेणाऱ्याची. इतकेच काय, मालकाने स्वखुशीने दलालाकडे माल सोपवला आणि दलालाने नेहमीच्या व्यवहारात तो एखाद्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकला, तर गिऱ्हाइकाचा हक्क साधारणपणे टिकतो. मालकाने मग दलालाच्या मागे लागायचे. पण रस्त्यावरच्या गाडीसाठी वेगळा कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९३९ चा होता, तो बदलून १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातल्या 'मालक' या व्याख्येत नोंदणीवरच्या नावाला तसे स्थान नव्हते. नव्या कायद्याने सांगितले, ज्याच्या नावावर गाडीची नोंद तो मालक. (गाडी हप्त्यांच्या कराराने घेतलेली असेल तर ज्याच्या ताब्यात ती असेल तो.) विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे, हेही त्यात आहे.

तरीही न्यायालयांत वाद होत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. तिथे गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, हातोहात पुढे गेली होती, आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. नोंद मात्र पहिल्याच माणसाची. न्यायालयाने म्हटले की भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. जखमी माणसाने किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कुणी कुणाला विकली याच्या साखळीमागे धावत बसावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. आमच्या वहिनींच्या बाजूने बघितले तर हे कठोर वाटते. त्या मजुराच्या बाजूने बघितले की दुसरे काही बरोबर वाटत नाही. मला दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तर हे लिहावेसे वाटले.

मग मधल्या माणसाचे काय? मोंढ्यातल्या अडत्याला परवाना लागून दशके उलटली, आणि गाड्यांच्या कन्सल्टंटला कायद्यात जागाच नव्हती! किल्ली त्याच्याकडे असे, पण कागदावर तो कुठेच नसे. ही जागा भरली ती केंद्राने २२ डिसेंबर २०२२ रोजी काढलेल्या अधिसूचनेने. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता जुन्या गाड्यांच्या डीलरला पाच वर्षांसाठी अधिकृत होण्याचे प्रमाणपत्र मिळते. मालकाने त्याच्याकडे गाडी सोपवली की तशी सूचना ऑनलाइन नोंदवायची आणि तिची पोच घ्यायची. त्या क्षणापासून त्या गाडीचा मानीव मालक डीलर! गाडी त्याच्या ताब्यात असताना काही घडले तर जबाबदारी त्याची. ती रस्त्यावर काढायची तर गिऱ्हाइकाला दाखवणे, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच, आणि त्याची नोंद ठेवायची. थोडक्यात, गाड्यांच्या बाजाराला हिशोबपट्टी मिळाली.

भाच्याला मी हेच सांगितले. तुझ्याकडे टायटलवर सही होऊन बँकेचा बोजा उतरेपर्यंत गाडी तुझीच आहे, असे समज. किती दिवस ठेवायची, कमीत कमी किती भावाला विकायची, कमिशन काय, विमा कुणाचा आणि गिऱ्हाइकाचे पैसे आधी बँकेत जाणार ना, हे सगळे लेखी घे. तो हसून म्हणाला, "मामा, हे तर मोंढ्यातले झाले." झाले तर झाले!

गाडीचा शेवटचा बाजार मात्र माझ्या घरापासून लांब नाही. आमची वस्ती एमआयडीसीच्या अंगाला आहे. सळईच्या कारखान्यांकडे भंगाराचे ट्रक जाताना रोज दिसतात. त्यांत पत्रे, इंजिनाचे तुकडे, कधी एखाद्या गाडीचा चेपलेला दरवाजा. भट्टीत हे सगळे सोळाशे अंशांच्या आसपास वितळते, त्याच्या बिलेट बनतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात. चाकावरचे असो की साधे, घरच होते म्हणायचे! लोखंड स्वतःला विसरून मोकळे होते. नोंदणी तशी मोकळी होत नाही. गाडी नष्ट झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, असे १९८८ चा कायदाच सांगतो. आणि २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की आधी जमा केल्याचे आणि नंतर मोडल्याचे प्रमाणपत्र मिळते. नाही तर गाडीचा पत्रा विरघळून गेलेला आणि तिचा नंबर कागदावर जिवंत, अशी गत. तो नंबर दुसऱ्या कुणी दुसऱ्याच गाडीला लावला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

असो. लेख लांबला. घरच्या मंडळींना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत विकलेल्या स्कूटर, मोटारसायकली, मोटारी आठवा. वडिलांच्या, सासऱ्यांच्या नावावर होत्या त्याही. नंबर जुन्या डायरीत किंवा विम्याच्या कागदावर सापडेल. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा. मालकाचे नाव तिथे पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे झाकलेली असतात. पण आपले नाव असेल तर आपल्याला ओळखू येतेच.